नापा खोऱ्यातील पहिली वाइन-सहल : नवख्यांसाठी कितपत सोयीची?

कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला वाइन आवडेल की नाही याची फारशी काळजी नसते; आपण तिथे अवघडून जाऊ की काय, याची असते. ग्लास कसा धरायचा, नाव उच्चारताना जीभ अडखळली तर कसे, चव घेतल्यावर चारचौघांत काय बोलायचे आणि एकही बाटली विकत न घेता उठलो तर ते वाईट दिसेल का, हे सगळे प्रश्न मनात ठेवूनच आम्ही गेल्या सप्टेंबरात सासूबाईंना सोबत घेऊन एका लहान व्हॅनमधून नेणाऱ्या मार्गदर्शित सहलीचे आरक्षण केले. सासूबाई मद्याला स्पर्शही करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा संकोच दुप्पट होता. म्हणूनच नवख्या पाहुण्याची भीड या सेवेने कितपत चेपली, हाच या परीक्षणाचा मुख्य निकष आहे.

स्वतःची गाडी न नेता व्हॅन घ्यावी, हे मी निःशंकपणे सांगेन. प्रत्येक वाइनरीत चार-पाच नमुने चाखायला देतात, एकेक नमुना साधारण ३० ते ६० मिलिलिटरचा असतो आणि अशा दोन-तीन ठिकाणी गेल्यावर कोणीही गाडी चालवू नये. शिवाय १९९० साली नापा काउंटीने केलेल्या नियमामुळे त्यानंतर सुरू झालेल्या वाइनरींना पूर्वनियोजित भेटीशिवाय पाहुण्यांना चाखायला बसवता येत नाही, त्यामुळे वाटेत पाटी दिसली म्हणून आत शिरावे, अशी सोय तिथे फारशी नाही. या सगळ्या वेळा ठरवण्याचे काम सहल कंपनीने चोख केले होते. वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा मात्र प्रत्येकाने जवळ ठेवावा.

पहिला थांबा हायवे २९ वरील एका मोठ्या वाइनरीत होता आणि या सहलीतील सर्वांत कच्चा दुवा तोच. तेथील यजमानांनी पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच ‘कोणकोणती फळे जाणवतात?’ असे विचारले आणि आमच्या गटातील सगळेच एकमेकांकडे पाहू लागले. जाणकारांमध्ये हा प्रश्न गप्पांना तोंड फोडणारा असेलही, पण पहिल्यांदाच आलेल्या माणसाला तो तोंडी परीक्षेसारखा वाटतो.

दुसरा थांबा रदरफर्डजवळील एका लहान, कुटुंबाच्या मालकीच्या वाइनरीत होता आणि या सहलीचे खरे मोल तिथेच कळले. तेथील यजमान बाईंनी टेबलाकडे न नेता आम्हाला आधी द्राक्षवेलींच्या ओळींत नेले. काढणीचा हंगाम सुरू होता. त्यांनी कॅबरने सॉव्हिन्यों या लाल वाइनच्या द्राक्षजातीचा एक लहानसा, जवळजवळ काळा मणी तोडून तळहातावर पिळला, तेव्हा रस जवळपास रंगहीन निघाला. लाल वाइनचा रंग सालीतून उतरतो, हे त्यासाठी वेगळे सांगावे लागले नाही. मग त्यांनी प्रत्येकाला एकेक साल चावायला दिली. हिरड्यांना ओढ बसावी असा तुरटपणा तोंडात पसरला आणि नंतर वाइनच्या घोटात तोच तुरटपणा ओळखीचा वाटला. बी हिरवी राहिली नसून तपकिरी झाली आहे, म्हणजे फळ पक्वतेकडे आले आहे, हेही त्यांनी दाखवले. सासूबाईंनी खोडाच्या तळाशी असलेल्या गाठीकडे बोट दाखवून ‘इथे कलम केले आहे का?’ असे विचारले. फिलॉक्सेरा नावाची कीड मुळांवर हल्ला करते, म्हणून तिला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकी मूळवेलींवर कलमे बांधतात, असे सांगताना त्या बाईंचा चेहरा खुलला होता. पुढचा बराच वेळ दोघी वेलींविषयीच बोलत राहिल्या आणि मी दुभाषाचे काम केले.

टेबलावर बसल्यावर त्यांनी सर्वप्रथम मधले भांडे पुढे सरकवले आणि नको असलेली वाइन त्यात ओतावी किंवा थुंकावी, त्यात कोणाचाही अपमान नाही, असे स्पष्ट सांगितले. सासूबाईंसमोर तशाच ग्लासात द्राक्षाचा रस ठेवला गेला. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या रेषांवरून वाइनची प्रत कळते, हा समजही तिथेच दूर झाला. त्या रेषा अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे पडतात, त्यांचा चवीच्या दर्जाशी संबंध नाही. मग एका जुन्या चाचणीची गोष्ट निघाली. १९७६ साली पॅरिसमध्ये लेबले झाकून घेतलेल्या या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबरने आणि पांढऱ्या वाइनमध्ये शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्डोने, या नापाच्याच वाइनरींच्या वाइनना पहिले स्थान दिले होते. तेव्हा त्या मुरलेल्या परीक्षकांनाही काही वाइन फ्रेंच की कॅलिफोर्नियाच्या हे ओळखता आले नव्हते, हे ऐकल्यावर आमच्या टेबलावरचे लोक मोकळेपणाने बोलू लागले.

शाकाहारी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्यातील पांढरा भाग किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरतात, तर काही ठिकाणी बेंटोनाइट ही माती. हे बाटलीवर लिहिलेले असेलच असे नाही, म्हणून विचारावे. आम्ही विचारले आणि नीट उत्तर मिळाले. वाइनसोबत चीज घेतले, तर त्यातले रेनेट (दूध साकळवण्यासाठी वापरतात तो पदार्थ) प्राणिज आहे का, हेही विचारून घ्यावे.

खोऱ्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या कार्नेरोसमधील तिसरा थांबा ठीक होता. सान पाब्लो उपसागरावरून येणाऱ्या धुक्यामुळे तिथे गारवा असतो आणि म्हणून पिनो न्वार आणि शार्डोने या जातींची द्राक्षे चांगली पिकतात. पण तोवर जीभ थकलेली असल्याने फरक फारसा जाणवला नाही. दोन थांबे पुरेसे झाले असते.

तक्रारी दोन आहेत. चाखण्याचे शुल्क सहलीच्या दरात धरलेले नव्हते आणि चालक-मार्गदर्शकाला टिप द्यायची असते, हेही आधी कळवले नव्हते. पैशांचा हिशेब ऐनवेळी समोर आला की नवखा माणूस पुन्हा संकोचतो, त्यामुळे कंपनीने हे आरक्षणाच्या वेळीच लिहून द्यायला हवे. दुसरी तक्रार थांब्यांच्या क्रमाची. वेलींच्या ओळीतून सुरुवात झाली असती, तर पहिल्या टेबलावरची ती शांतता टळली असती.

पाचपैकी चार तारे. आरक्षण करताना आपण नवखे आहोत आणि सोबत मद्य न घेणारे कोणी आहे, हे आवर्जून कळवावे, आणि लहान वाइनरी सकाळच्या वेळेत मागून घ्यावी.