हायड्रोकार्बन स्टेपल की लॅक्टम पूल?

मॅगेनिनसारख्या जीवाणूनाशक पेप्टाइडचे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे, हेलिक्स (सर्पिल आकार) बांधून ठेवायचे हे एकदा ठरले की प्रश्न उरतो तो कशाने बांधायचे याचा. हायड्रोकार्बन स्टेपल म्हणजे साखळीतील दोन जागा जोडणारा कार्बन-हायड्रोजनचा पूल, तर लॅक्टम म्हणजे लायसिन आणि ग्लुटामिक आम्ल यांच्या बाजूशाखांमधला अमाइड बंधाचा पूल. दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत आणि नव्याने निवड करणाऱ्याला हायड्रोकार्बन स्टेपलचा मोह आधी होणार, हे मला मान्य आहे. तो मोह निराधारही नाही. बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतील लॉरेन वॉलेन्स्की यांच्या गटाने 2019 मध्ये स्टेपल केलेल्या मॅगेनिन 2 ची जी रूपे प्रसिद्ध केली, त्यांतील निवडक रूपाने कोलिस्टिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी या जीवाणूविरुद्ध उंदरांमध्येही गुण दाखवला. लॅक्टमच्या बाजूने इतके ठळक उदाहरण माझ्याजवळ नाही. प्रथिने तोडणाऱ्या प्रोटिएझ विकरांपुढे टिकण्यातही, माझ्या अनुभवापुरते बोलायचे तर, स्टेपलच सरस ठरतो.

संश्लेषणातला जाच दोन्हींकडे आहे. स्टेपलसाठी घालावे लागणारे पेंटेनिल-ॲलानिन हे अमिनो आम्ल जोडल्यावर पुढचे जोडताना त्याचा अल्फा-मिथाइल गट आडवे येतो, पूल सांधणाऱ्या ग्रब्ज उत्प्रेरकाचा तपकिरी रंग साखळी ज्यावर बांधतात त्या रेझिनवरून सहजी उतरत नाही, आणि कधीकधी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) एकाच वस्तुमानाची दोन शिखरे येतात, कारण पुलातील दुहेरी बंधाचे दोन्ही समघटक तयार झालेले असतात. लॅक्टमसाठी ॲलॉक आणि ॲलिल हे संरक्षक गट पॅलेडियमने काढावे लागतात, तोही काही स्वच्छ कारभार नव्हे.

माझा कौल लॅक्टमकडे फिरला तो तांबड्या पेशींच्या चाचणीत, म्हणजे पेप्टाइड आपल्या रक्तपेशी फोडते का हे पाहताना. सेंट्रिफ्यूजमधून प्लेट काढल्यावर निर्धोक पेप्टाइडच्या खळग्यात तळाशी लाल ठिपका आणि वर नितळ द्रव दिसतो. स्टेपल नको त्या जागी असेल तर ठिपका नाहीसा होऊन सारा द्रव शेजारच्या, सर्व पेशी फोडणाऱ्या ट्रायटनच्या खळग्यासारखाच लाल होतो, आणि मग 540 नॅनोमीटरला वाचन घेणे ही केवळ औपचारिकता उरते. स्टेपल स्वतःच तेलकट असल्याने हेलिक्सवरचा जलविरोधी पट्टा सलग झाला, की पेप्टाइड जीवाणूचे पटल आणि आपल्या पेशीचे पटल यांत भेद करीनासे होते. वैताग याचा, की एमआयसी (जीवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा) सर्वांत चांगली आलेली पेप्टाइडेच माझ्याकडे बहुधा इथे नापास होत. स्टेपलची जागा बदलून हा पट्टा तोडता येतो, हे बोस्टनच्या त्याच कामातून दिसले आहे. परंतु जागा बदलायची म्हणजे महागडे पेंटेनिल-ॲलानिन पुन्हा मागवून साखळी पहिल्यापासून बांधायची.

लॅक्टमचा दोष असा, की तो एक लायसिन (धन प्रभाराचे अमिनो आम्ल) गिळतो, आणि मॅगेनिन 2 च्या 23 अमिनो आम्लांत लायसिन चारच आहेत. प्रभार घटला की एमआयसी बिघडण्याची भीती असते. मात्र या दोषाला वाट आहे. मॅगेनिनमध्ये 19 व्या जागी ग्लुटामिक आम्ल मुळातच आहे. 15 व्या जागच्या ॲलानिनऐवजी लायसिन घालून पूल या दोघांत बांधला, तर मूळचे चारही लायसिन शाबूत राहतात आणि ग्लुटामिकचा ऋण प्रभारही नाहीसा होतो. हिशेब जमला नाही तरी दुसरी जागा धुंडाळण्याचा खर्च तुलनेने सोसण्याजोगा असतो.

ज्यांना लवकरच प्राण्यांवरील चाचण्यांकडे वळायचे आहे आणि ज्यांच्या निधीला कात्री लागलेली नाही, त्यांनी स्टेपल घ्यावा. त्याला माझी हरकत नाही. इतरांनी 15 आणि 19 मधला लॅक्टम आधी करून पाहावा, आणि पद्धत कोणतीही असो, रक्ताची चाचणी एमआयसीच्या आधी लावावी.