टॅली की ईआरपीनेक्स्ट: एआय एजंटला कोणाचे डॉक्युमेंटेशन पुरेसे पडते?

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री असो, मच्छेतील मशीन शॉप असो किंवा निपाणीतील व्यापारी पेढी, टॅली किंवा ईआरपीनेक्स्टसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एआय एजंट, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पार पाडणारा एआय प्रोग्रॅम, जोडावा का, हा प्रश्न आता आपल्या सीमाभागातील मालकांपुढेही आला आहे. तुलना बहुधा किमतीची आणि सोयींची होते. एजंटच्या हाती बिले द्यायची असतील, तर त्याआधी डॉक्युमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअर कसे चालते हे सांगणारी लेखी माहिती, तपासावे, असे माझे मत आहे. कारण त्याच टेबलावर पंधरा वर्षे बसलेल्या हिशेबनिसाला जे न लिहिता ठाऊक असते, ते एजंटला लिहून दिल्याशिवाय कळत नाही, आणि जिथे कळत नाही तिथे तो पुष्कळदा अंदाजाने पुढे जातो.

विक्रेते यासंदर्भात दोन नावे आवर्जून घेतात. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सुचवलेली एलएलएमएस डॉट टीएक्सटी ही फाइल म्हणजे एआय मॉडेलसाठी मार्कडाउन या साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवलेली वेबसाइटच्या पानांची अनुक्रमणिका; अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला एमसीपी म्हणजे एजंटला साधने जोडण्याची ठरलेली पद्धत. दोन्ही उपयुक्त आहेत, पण दुकानाची पाटी चांगली असल्याने आत माल आहेच असे ठरत नाही, म्हणून मी त्यांना थोडेच गुण देतो. डॉक्युमेंटेशन चूक, गृहीतक आणि परत न फिरवता येणारी पायरी यांबद्दल काय सांगते, हे मी आधी पाहतो.

टॅलीशी बाहेरचा प्रोग्रॅम एचटीटीपी या वेबच्या जोडणीवरून, साधारणपणे ९००० या पोर्टवर, एक्सएमएल या खुणांनी बांधलेल्या मजकुरात बोलतो. नमुना एक्सएमएल उपलब्ध आहेत आणि नमुन्यावरून नक्कल करण्यात एजंट तरबेज असतो. अडचण नमुन्यात न दिसणाऱ्या नियमांची आहे. नावेची (डेबिट) रक्कम उणे चिन्हाने जाते, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ अंकांत लिहावी लागते, आणि विनंतीत कंपनीचे नाव दिले नाही तर त्या वेळी टॅलीत जी कंपनी चालू असेल तिच्यावर काम होते. बेळगावची एक आणि कोल्हापूरची एक अशा दोन कंपन्या एकाच संगणकावर ठेवणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. व्हाउचर नाकारले गेले तरी एचटीटीपीच्या पातळीवर उत्तर यशस्वी दिसू शकते. किती नोंदी झाल्या आणि कोणती ओळ चुकली, हे उत्तराच्या आत वाचावे लागते. शिवाय लेजर नावाने ओळखले जाते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले, पण जुनी लेजर जुन्याच स्पेलिंगची राहिली असतील, तर पत्ता पाहून नाव जुळवणाऱ्या एजंटला ती सापडणार नाहीत. हा दोष अर्थातच कोणत्याही डॉक्युमेंटेशनचा म्हणता येणार नाही. तो आपल्या वह्यांचा आहे.

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपेचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि त्यातील प्रत्येक डॉकटाइपला (नोंदीच्या प्रकाराला) आपोआप रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने वेबवरून बोलण्याची वाट, मिळतो. एक रीत शिकली की ग्राहक, बिल, साठा सर्वत्र तीच लागू पडते, हा एजंटच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. तपासणीत अडलेली नोंद ४१७ या त्रुटी क्रमांकाने परत येते, त्यामुळे अपयश लपत नाही. आणि पानावर नसलेली गोष्ट एजंट थेट सोर्स कोडमध्ये वाचू शकतो, जी सोय टॅलीत नाही. तरीही एक गृहीतक घातक आहे: यादी मागितली आणि मर्यादा सांगितली नाही, तर पहिल्या २० नोंदी येतात. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेले आहे, पण ते न वाचलेला एजंट ४७ थकीत बिलांपैकी २० मोजून शांतपणे बेरीज सांगेल. दुसरी गैरसोय आवृत्त्यांची. चौदाव्या आवृत्तीपासून भारतीय जीएसटीचा भाग इंडिया कंप्लायन्स या वेगळ्या ॲपमध्ये गेला, त्यामुळे माहिती दोन ठिकाणी विभागली आहे आणि जुन्या आवृत्तीवरची उत्तरे एजंटच्या वाचनात सहज येतात.

चूक झालीच तर काय, या बाबतीत दोन्हीकडे वाट आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये बिल आधी मसुदा असते आणि सबमिट केल्यावरच खात्यांवर चढते. एजंटच्या युजरला तयार करण्याचा अधिकार देऊन सबमिटचा काढून घेता येतो. टॅलीत व्हाउचर ऑप्शनल ठेवले तर ते हिशेबात धरले जात नाही, मात्र तसे ठेवण्याची सूचना एजंटला आपणच द्यावी लागते.

निर्णयापूर्वी डेटाच्या प्रतीवर एक चाचणी घ्यावी आणि एजंटला अधिकृत डॉक्युमेंटेशनखेरीज काहीही देऊ नये. निपाणीहून कोल्हापूरला जाणारा माल जेमतेम ४० किलोमीटर जातो, पण जीएसटीत २९ क्रमांकाच्या कर्नाटकातून २७ क्रमांकाच्या महाराष्ट्रात जात असल्याने त्यावर आयजीएसटी लागतो. निपाणीहून कर्नाटकातल्याच बिदरला कितीतरी लांब गेलेल्या मालावर मात्र सीजीएसटी आणि एसजीएसटी. ही दोन बिले करायला सांगावीत. मग एका ग्राहकाचे नाव मुद्दाम चुकीचे द्यावे, तेच बिल दोनदा पाठवायला लावावे आणि ५० हून अधिक थकीत बिलांची बेरीज मागावी. उत्तर बरोबर आले का, याइतकेच चूक झाल्यावर मिळालेल्या संदेशावरून एजंट स्वतः सावरला का, हे पाहावे.

ज्यांचे सीए आणि सगळा जुना हिशेब टॅलीत आहे आणि ज्यांना एजंटकडून केवळ अहवाल वाचून हवे आहेत, त्यांनी टॅली सोडण्याचे कारण मला दिसत नाही. वर सांगितलेले न लिहिलेले नियम हिशेबनिसाकडून दोन पानांत उतरवून घेऊन ते एजंटला द्यावेत. साठा, उत्पादन आणि बिले एजंटकडून लिहून घ्यायची असतील, तर डॉक्युमेंटेशनच्या कसोटीवर मी ईआरपीनेक्स्ट निवडेन, मात्र आपली आवृत्ती कोणती हे एजंटला पहिल्याच ओळीत सांगून.