विमानाच्या मॉडेलला खऱ्या धातूचा लुक: फॉइल, अल्क्लॅड की पाण्यावरचा मेटल कलर?

मेटल फिनिशसाठी काय घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, विमान कुठलं करताय? कारण सगळी चंदेरी विमानं सारखीच चंदेरी नसतात. पी-५१डी मस्टँग घ्या. १९४४ च्या सुमारास अमेरिकन फायटर कॅमोफ्लाज न मारता उघड्या धातूतच फॅक्टरीबाहेर यायला लागली, पण मस्टँगचे पंख उघडे नव्हते. हवा पंखावरून सुरळीत वाहावी म्हणून पत्र्याचे जोड आणि रिव्हेट पुटीने भरून वर सिल्व्हर रंग मारलेला असायचा, आणि रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, तर कापडाचं. मी पहिल्या मस्टँगचे पंखसुद्धा फॉइलने मढवले, दोन रविवार त्यात गेले, मग जुने फोटो नीट बघितले तेव्हा कळलं की पंखांना साधा सिल्व्हरच हवा होता. जीव हळहळला.

याउलट आपलं मिग-२१ एफएल, नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये बनायचं ते. सुरुवातीला ती उघड्या धातूतच दिसायची, प्रत्येक पत्र्याची छटा जरा वेगळी, मागे इंजिनाकडचा भाग उष्णतेने काळवंडलेला. इथे फॉइल जे देते ते बाटलीतून येत नाही असं माझं ठाम मत आहे.

फॉइल म्हणजे डब्यात पोळ्या गुंडाळतो तीच, आणि चिकटवायला मायक्रोस्केल कंपनीचा खास फॉइलचा गम. गम फॉइलच्या पाठीला पातळ लावायचा, दुधाळ असतो तो पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, मग तुकडा बसवून इअरबडने मधून कडेकडे घासत जायचं आणि नव्या ब्लेडने पॅनेल लाइनवर, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या रेघेवर, कापायचं. ब्लेड बोथट झालं की फॉइल फाटते, त्यामुळे त्यात कंजुषी करू नका. एक पॅनेल चकचकीत बाजूने, शेजारचं मंद बाजूने, तिसऱ्यावर बारीक स्टील वूल फिरवा, की मिगच्या पोटाखाली जसे वेगवेगळे पत्रे दिसतात तसं आपोआप दिसायला लागतं, कारण तो खराच अ‍ॅल्युमिनियम आहे ना! चुकलं तर तेवढाच तुकडा काढून दुसरा लावता येतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नको, वास नाही. पण वेळ प्रचंड लागतो, धुळीचा एक कण खाली राहिला तरी पुरळ आल्यासारखा दिसतो, आणि पंख बॉडीला मिळतो तिथल्या दोन्हीकडून वळणाऱ्या भागावर फॉइलला सुरकुत्या पडतात, तिथे छोटे तुकडे करावे लागतात. बेअर-मेटल कंपनीची फॉइल गम लावूनच येते आणि जास्त पातळ असते, वळणावर बरी बसते, पण जुनं पाकीट घेऊ नका, त्याचा गम म्हातारा होतो.

अल्क्लॅड दोन हा मॉडेलसाठीचा लॅकर, म्हणजे उग्र वासाच्या सॉल्व्हंटमधला रंग, आणि सलग आरशासारखी चमक हवी असेल तर अजूनही हाच. थिनर घालायचा नाही, बाटलीतून थेट एअरब्रशमध्ये, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, अगदी पातळ थर. पण पॉलिश्ड अ‍ॅल्युमिनियम किंवा क्रोमसारख्या जास्त चमकणाऱ्या शेड्सना खाली काळा ग्लॉस लागतो आणि तो काळा पूर्ण सुकलेला हवा. खरं काम त्या काळ्या थरातच आहे. खाली पॉलिश पेपरचा एक ओरखडा राहिला तरी वर तो रेघेसारखा उठून दिसतो, म्हणून मी २००० नंबरच्या पेपरच्या पुढेही, आणखी बारीक पेपरने घासत जातो. क्रोम हाताळला की खराब होतो, साधा अ‍ॅल्युमिनियम शेड बराच दणकट. वास मात्र जबरदस्त. वन बीएचकेमध्ये, घरात लहान मूल असेल तर कृपा करून मारू नका, बाल्कनी आणि रसायनांची वाफ अडवणारा ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क हवाच, कापडी मास्क चालत नाही. आणि पावसाळा! जुलैत मी एकदा लॅकर मारला तर हवेतल्या दमटपणाने सगळा पृष्ठभाग दुधाळ झाला, सगळं काढून परत.

व्हॅलेहो कंपनीचा मेटल कलर पाण्यावरचा. ३२ मिलीची बाटली, एअरब्रशमधून सरळ मारता येतो, वास जवळपास नाही, अ‍ॅल्युमिनियम, ड्युरॅल्युमिनियम, डार्क अ‍ॅल्युमिनियम अशा शेड्स आहेत त्यामुळे दोन-तीन पॅनेल वेगळी करता येतात. चमक अल्क्लॅडच्या वरच्या शेड्सइतकी नाही, पण मस्टँगच्या पंखांना तेवढी चमक नकोच आहे. कमकुवत बाजू एकच, मास्किंग टेप काढताना तो टेपबरोबर निघून येतो. प्लॅस्टिक साबणाने धुवून, प्रायमर मारून, एक रात्र जाऊ द्या आणि टेप आधी तळहाताला लावून चिकटपणा कमी करून घ्या.

एअरब्रशच नसेल तर टामिया कंपनीचा एएस-१२ हा चंदेरी रंगाचा स्प्रे कॅन. एकसारखा, टिकाऊ, मास्किंग सहन करणारा, फक्त सगळं विमान एकाच छटेचं दिसतं. कॅन कुरिअरने विमानातून पाठवत नाहीत, त्यामुळे पोचायला वेळ लागतो.

तर पहिलंच चंदेरी विमान असेल, फ्लॅटमध्ये राहत असाल, एअरब्रश असेल, तर डोळे झाकून व्हॅलेहो घ्या. एअरब्रश नाही आणि संयम आहे तर फॉइल, स्प्रे कॅनपेक्षा मी तीच सुचवेन. अल्क्लॅड तेव्हाच जेव्हा मोकळी जागा आहे, हवा कोरडी आहे आणि घासण्याची हौस आहे. आणि एकाच मॉडेलवर दोन गोष्टी वापरायला अजिबात बिचकू नका. माझ्या टेबलावर आत्ता १/७२ चं मिग आहे, त्याच्या पंखांना आणि बॉडीच्या सपाट पॅनेलना फॉइल, पंखाच्या मुळाशी आणि मागच्या काळवंडलेल्या भागाला व्हॅलेहो, नाकाचा कोन आणि शेपटीचं टोक धातूचं नाही म्हणून तिथे साधा रंग. फॉइल आणि रंगाची छटा जुळते का हे आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर शेजारी शेजारी लावून बघितलं, खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. ड्युरॅल्युमिनियम जुळला, अ‍ॅल्युमिनियम जरा पांढरट वाटला.