ज्येष्ठमधाचा अर्क: दिवाळीपासून घेतोय, त्याबद्दल

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: जळजळ नक्की कमी झाली. पण माझा अल्सर या अर्कानं बरा झाला, असं मी म्हणणार नाही.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही पेनकिलर चालू होती. लातूरच्या आडतीत सकाळी चहा आणि गोळी, जेवण दुपारी कधीतरी. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण निघाला. अल्सर करणारा एच. पायलोरी हा जंतू (ज्याच्या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं) माझ्यात नव्हता, म्हणजे गोळीचाच प्रताप. जठराचं चिकट अस्तर टिकवणारं प्रोस्टाग्लँडिन या गोळ्या शरीराला बनवूच देत नाहीत. गोळी बंद झाली, आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलचा कोर्स झाला, व्रण भरला. पण पँटोप्राझोल थांबवल्यावर आम्ल काही दिवस जास्तच सुटतं, तशी रात्री पुन्हा आग पडायला लागली. तिथून डॉक्टरांना विचारून ज्येष्ठमध.

आधी गंजगोलाईतून साधी पावडर आणली. स्वस्त, गोड, दुधात छान लागते. आराम पडला, पण काही आठवड्यांत पायावर सूज आणि बीपी चढलेलं. डॉक्टरांनी पावडर लगेच थांबवली. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. युरोपात रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगतात. चमचाभर पावडरीत ती सहज ओलांडली जाते. ही भानगड जुनीच आहे. १९६० च्या दशकात ज्येष्ठमधापासून बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन ब्रिटनमध्ये अल्सरवर देत, त्यालाही हाच त्रास होता. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पावडरीच्या वाटेला जाऊच नका.

आता घेतो ते डीजीएल, म्हणजे ग्लिसिरायझिन काढून टाकलेला अर्क. चघळायची गोळी, जेवणाआधी. पावडरीच्या कितीतरी पट महाग, आणि चव खडूसारखी. पण बीपी जागेवर आलं आणि रात्रीची झोप परत आली. येळवशीला (वेळ अमावास्येच्या सणाला) शेतावर भज्जी, आंबील आणि वर ठेचा, एवढं खाऊन पाहिलं. आंबील पचली. ठेच्यानं मात्र रात्रभर जागवलं, तिथं अर्क कामाचा नाही.

शतावरी कल्पही मधे घेतला. त्यात साखरच जास्त असते. फरक कळला नाही. कच्च्या केळीची पावडर बरी वाटली, पण रोज कोण करणार!

जाहिरातीत ‘अल्सरवर सिद्ध’ लिहिलेलं असतं ते नीट वाचा. यातले बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. आधी अर्क पाजायचा, मग इंडोमेथासिन (डायक्लोफिनॅकसारखीच पेनकिलर) किंवा अल्कोहोल देऊन जठरात किती व्रण पडले ते मोजायचे. म्हणजे अर्क ढाल म्हणून तपासलेला असतो. आधीच पडलेला व्रण भरतो का, हा प्रश्नच निराळा. आमचे एक पाव्हणे अर्काच्या भरवशावर रोज पेनकिलर घेतात, त्यांना हेच सांगून थकलो.

संडास काळी, चिकट व्हायला लागली किंवा उलटीत रक्त दिसलं तर अर्क-बिर्क बाजूला ठेवून थेट दवाखाना. बाकी डबी संपत आलीय. पुढची घेईन, पण रोज नाही. आडतीत सोयाबीनची आवक वाढून जेवणाचे हाल होतात, त्या महिन्यांपुरती.