प्लिमथ की बॉस्टन? प्युरिटनांवर प्रबंध लिहिण्याआधी

एम.ए.च्या प्रबंधासाठी प्युरिटनांनी, म्हणजे चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्या इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंटांनी, इंग्लंडच्या चर्चशी घेतलेली फारकत हा विषय घ्यायचा असेल, तर आधी एक ठरवा. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेतल्या प्लिमथला उतरलेली मंडळी घेणार, की १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप या पुढाऱ्याबरोबर तिथे येऊन बॉस्टन वसवणारी? दोघांना एकच समजून लिहायला बसलात तर दुसऱ्या प्रकरणात अडकाल.

गाऱ्हाणं मात्र दोघांचं एकच. इंग्लंडच्या चर्चचं रोमच्या पोपशी नातं १५३४ मध्ये तुटलं, पण बिशप राहिले, धर्मगुरूंचा पांढरा झगा राहिला, बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर क्रूस काढणं राहिलं, प्रभुभोजन गुडघे टेकून घेणं राहिलं. बायबलमध्ये आधार नाही ते उपासनेत नको, हा त्यांचा हट्ट. १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या बैठकीत इंग्लंडच्या राजाने, पहिल्या जेम्सने, त्यांना 'बिशप नाही तर राजाही नाही' असं सुनावलं. तिथून हाती लागलेली मोठी गोष्ट एकच: बायबलचं नवं भाषांतर.

मतभेद त्यापुढे. जुनं घर दुरुस्त करायचं, की वेगळी चूल मांडायची?

प्लिमथच्या मंडळीचं मूळ इंग्लंडमधल्या स्क्रूबी गावात. त्यांनी सरळ वेगळी चूल मांडली, आणि हे जिवावरचं काम होतं. फुटीर विचारांचे हेन्री बॅरो आणि जॉन ग्रीनवूड १५९३ मध्ये फासावर गेले होते. ही मंडळी आधी हॉलंडमधल्या लायडनला गेली, तिथून अमेरिकेला. मेफ्लॉवरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. त्यांच्यातल्याच विल्यम ब्रॅडफर्डने हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय. गोष्ट रसरशीत आहे, आवाका छोटा आहे, वेळ कमी असेल तर हीच घ्या. फक्त जहाजावरचे सगळेच फुटीर नव्हते, हे विसरू नका.

बॉस्टनवाल्यांचं प्रकरण मला जास्त आवडतं, कारण त्यात लबाडी आहे. म्हणजे, मला तरी ती लबाडी वाटते. निघताना त्यांनी लेखी सांगितलं की चर्च ऑफ इंग्लंड आमची प्रिय आई आहे, आम्ही तिला सोडत नाही. पलीकडे उतरल्यावर मात्र बिशप नाही, प्रार्थनापुस्तक नाही, प्रत्येक मंडळी आपला धर्मगुरू आपण निवडणार. वर १६३१ पासून मताधिकार फक्त मंडळीच्या सभासदांना. घर तेच म्हणायचं आणि स्वयंपाक वेगळा करायचा! कडकपणाही इथेच जास्त: प्लिमथने क्वेकरांना (धर्मगुरूंशिवाय उपासना करणारा एक ख्रिस्ती पंथ) दंड केला, फटके मारले, बॉस्टनने १६५९ ते १६६१ या काळात चौघांना फाशी दिली.

कागदपत्रं इथे ढिगाने आहेत, विन्थ्रॉपची रोजनिशी धरून, त्यामुळे सहा महिने हाताशी असतील तरच या वाटेला जा. सुरुवात तिथल्या रॉजर विल्यम्स या धर्मगुरूपासून करा. इंग्लंडच्या चर्चशी उघडपणे नातं तोडा, असा त्याचा आग्रह होता. आणखीही खटके होतेच, पण १६३५ मध्ये त्याला वसाहतीबाहेर काढायचं ठरवलं ते याच लोकांनी.