हार्ड डिस्क गेली तरी विंडोजचं लायसन्स जात नाही: एसएसडी बसवल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपमध्ये डेटा साठवणारी डिस्क, बसवली आणि विंडोज नव्यानं टाकलं. त्यानंतर गणपती, दिवाळी, लग्नसराई असा सगळा कामाचा हंगाम याच यंत्रावर काढून आता हे लिहितेय. मी इंदूरला घरूनच मराठी-हिंदी टाइपसेटिंग करते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल अशी कामं असतात आणि लॅपटॉप दिवसभर चालू असतो. नवी डिस्क लावली की पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं, म्हणून मुद्दाम थांबले.

लॅपटॉप २०१८ सालचा आहे. आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, आणि कंपनीकडूनच आलेलं विंडोज १० होम सिंगल लँग्वेज. त्या काळात आपल्याकडे विकल्या गेलेल्या असंख्य लॅपटॉपांत हेच असायचं, म्हणून माझा अनुभव बऱ्याच जणांना लागू पडेल.

आधी डिस्क जाताना काय होतं ते सांगते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसायला लागली. फाइल उघडायला घेतली की सगळं थिजायचं आणि थोड्या वेळानं एकदम पुढे सरकायचं. मग टक्-टक् असा बारीक आवाज सुरू झाला. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमनं पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवलं. त्यात पाहायच्या ओळी दोन. एक रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कचे जे बारीक तुकडे खराब ठरवून तिनं राखीव जागेत हलवले ते. दुसरी करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे जे आत्ता नीट वाचताच येत नाहीत ते. दुसरा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत राहिला की डिस्कचा भरवसा संपला असं धरावं. अशा वेळी बरेच जण चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, चालवायचा सल्ला देतात. मरणाऱ्या डिस्कवर ते करू नका. तो प्रोग्रॅम सगळी डिस्क घासून काढतो आणि उरलीसुरली ताकद तिथंच खर्च होते. आधी डेटा बाहेर काढा.

माझं बहुतेक काम बाहेरच्या ड्राइव्हवर होतंच, पण हातात असलेल्या एका स्मरणिकेची ताजी पानं फक्त या डिस्कवर होती. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, ''मावशी, आता विंडोज सुरूच करू नकोस.'' त्यानं पेन ड्राइव्हवरून उबंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली चालू केली आणि डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्रॅम आधी डिस्कचा चांगला भाग पटापट उतरवून घेतो, अडणारी जागा मागे ठेवतो आणि मग तिथं पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. कुठवर आलो याची नोंद तो वेगळ्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पानं सगळी मिळाली. काही जुने फोटो अर्धे राखाडी निघाले, ते तसेच राहिले.

आता खरेदीचं. इंदूरकरांना आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल सांगायला नको. तिथं जायच्या आधी दोन गोष्टी पाहून जा. तुमच्या लॅपटॉपला अडीच इंची साटा डिस्क लागते की एम डॉट टू नावाची बारीक पट्टी, आणि एम डॉट टू असेल तर ती साटा आहे की एनव्हीएमई (या डिस्क जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती). दिसायला दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. लॅपटॉपचा मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल उघडलं की हे कळतं. माझ्यात अडीच इंची जागा होती. मी क्रुशियलची एमएक्स५००, ५०० जीबी घेतली. साडेचार हजारांच्या आत पडली. तिला स्वतःची डीरॅम कॅश (काम जलद करणारी छोटी मेमरी) आहे, पाच वर्षांची वॉरंटी आहे, आणि तिच्यावर एकूण १८० टीबी डेटा लिहिता येईल अशी हमी आहे. डीरॅम नसलेल्या स्वस्त एसएसडी हजारभर रुपयांनी कमी पडत होत्या. माझ्या मोठ्या पानांच्या फाइली दिवसभर सेव्ह होत असतात, त्यामुळे तिथं पैसे वाचवायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. ही डिस्क ७ मिलिमीटर जाड असते. जुन्या ९.५ मिलिमीटरच्या जागेत ती सैल बसू नये म्हणून सोबत एक प्लॅस्टिकची चौकट येते, ती फेकू नका.

बसवणं अगदी सोपं. चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, आधी बॅटरीची वायर सोडवा, मग डिस्क बदला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्याचे त्या जागी ठेवले. बस.

मुख्य मुद्दा विंडोजचा. त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

डिस्क घ्यायच्या आधी मी एका दुकानात चौकशी केली होती. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, ''मॅडम, हार्ड डिस्क गई तो विंडोज भी गई. नई की लगेगी.'' आणि नवी की (विंडोजच्या लायसन्सचा कोड) नको असेल तर ''प्रो डाल देते हैं, लाइफटाइम चलेगी'' हेही सांगितलं. प्रो म्हणजे विंडोजची होमहून वेगळी आवृत्ती. या दोन्ही गोष्टी चूक आहेत, आणि रोज कितीतरी लोक त्यावर पैसे घालवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. विद्यार्थी असतात, निवृत्त मंडळी असतात. विंडोज डिस्कमध्येच असतं, मग डिस्कबरोबर गेलं असेल, असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे.

विंडोज ८ पासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, लिहिलेली असते. म्हणूनच अशा लॅपटॉपच्या पोटावर की छापलेला स्टिकर दिसत नाही. शिवाय विंडोज १० आल्यापासून, म्हणजे २०१५ पासून, एकदा ॲक्टिव्हेट झालेल्या, म्हणजे लायसन्स खरं असल्याची खात्री पटलेल्या, यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर डिजिटल लायसन्स म्हणून नोंदलेली असते. त्या ओळखीत सगळ्यात महत्त्वाचा मदरबोर्ड. डिस्क बदलली, रॅम वाढवली तरी यंत्र तेच राहतं. घराची कौलं बदलली म्हणून सातबारा बदलत नाही, तसंच हे.

मी काय केलं ते सांगते. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून घेतलं आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज ११ तयार केलं. आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) असल्यामुळे ११ चालणार होतं, आणि १० चं लायसन्स ११ ला चालतं. पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर सेटअपनं की मागितली नाही आणि होम हवं की प्रो असंही विचारलं नाही. बायोसमधली की वाचून त्यानं होम सिंगल लँग्वेज आपणहून निवडलं. वाय-फाय जोडल्यावर सगळं पार पडलं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन उघडून पाहिलं, तर विंडोज डिजिटल लायसन्सनं ॲक्टिव्हेट झाल्याचं लिहिलेलं होतं. खर्च शून्य.

आवृत्ती मात्र जुळायला हवी. लायसन्स होम सिंगल लँग्वेजचं आणि कुणी प्रो टाकलं, तर ते आपसूक ॲक्टिव्हेट होत नाही. तिथूनच 'लाइफटाइम'वाल्या ॲक्टिव्हेटरचा, म्हणजे लायसन्स नसताना विंडोज ॲक्टिव्हेट झाल्याचं भासवणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमचा, शिरकाव होतो. असे ॲक्टिव्हेटर चालवायला आधी विंडोजचा अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि मग त्या फाइलीबरोबर आत काय येतं त्यावर तुमचा ताबा राहत नाही. ज्या यंत्रावर बँकेचं काम होतं, गिऱ्हाइकांचे नाव-पत्ते असतात, तिथं हे मुळीच नको. आणि ज्याचे पैसे तुम्ही लॅपटॉप घेतानाच भरलेत, त्याची चोरीची नक्कल कशाला वापरायची?

सिंगल लँग्वेज म्हणजे मराठीत टाइप करता येत नाही, असा समज इथं अनेकांचा आहे. बंधन फक्त विंडोजच्या मेनूंच्या भाषेवर आहे. कीबोर्ड हवे तेवढे जोडता येतात. मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची ठरावीक कळरचना) आहेच, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कीबोर्ड, विंडोजमध्येच मिळतो. माझा हात इनस्क्रिप्टवर बसलेला आहे, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली फोनेटिकवर लवकर रुळतात.

विंडोज सोडून बाकी सॉफ्टवेअरचा हिशेब वेगळा. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस पहिल्यांदा वापरताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलं होतं, त्याच खात्यात जाऊन ते परत उतरवून घेता येतं. तेव्हा दुकानदारानं स्वतःचाच ईमेल टाकला असेल तर पंचाईत होते, म्हणून लॅपटॉप घेताना खातं आपलंच असावं. जी डीटीपी (पानं मांडायची) सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर, चालतात ती पुन्हा टाकून डोंगल लावला की झालं. ज्यांचं लायसन्स ऑनलाइन आहे त्यांना जुन्या जागेवरून सोडवून नव्या जागी घ्यावं लागतं. टॅली वापरणाऱ्यांनाही हे करावं लागतं. सगळ्यात जास्त वेळ माझा फॉन्टांनी खाल्ला. जुन्या फाइली युनिकोडच्या (सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टांत आहेत. तो फॉन्ट नसला की पानभर अगम्य चिन्हं दिसतात. फॉन्टांचा फोल्डर बॅकअपमध्ये वेगळा ठेवलेला असणं म्हणजे अर्धं काम वाचणं.

एक गोष्ट लगेच करून ठेवली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्यानं नव्यानं विंडोज टाकलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊ शकते. माझी झाली. त्यामुळे खात्यात नोंदलेली ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर छापून फाइलीत लावली. ती नसेल आणि उद्या मदरबोर्ड बिघडला, तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही वाचता येणार नाही.

आता इतक्या महिन्यांच्या वापराबद्दल. जुनी डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घ्यायची, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. वाचायचं अक्षर डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं, मग ते डोकं दुसरीकडे हलवायचं, की सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणं वाचून व्हायची. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली वाचतं. लॅपटॉप का रांगत होता ते इथं समजतं. डब्यावर लिहिलेला सेकंदाला ५६० एमबीचा वेग रोजच्या कामात फारसा दिसत नाही. दिसतं ते हे, की बटण दाबल्यावर चहाचं आधण ठेवून यायच्या आत स्क्रीन तयार असतो आणि दोनशे पानांची स्मरणिका एका पानावरून दुसऱ्यावर अडखळत नाही. लग्नसराईत गिऱ्हाईक शेजारी बसून नावं दुरुस्त करून घेत असतं, तेव्हा याची किंमत कळते. बॅटरी थोडी जास्त पुरते, पण फार नाही. आवाज तर उरलाच नाही, फक्त पंख्याचा.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उन्हाळ्यातही डिस्कनं तक्रार केली नाही. आरोग्य ९८ टक्के दाखवते आणि आतापर्यंत चारेक टीबी लिहून झालंय. या गतीनं १८० टीबीपर्यंत पोहोचायच्या आधी लॅपटॉपच म्हातारा होईल. डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) करत नाही, करूही नये. ट्रिमचं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवण्याचं, काम विंडोज स्वतःच ठरावीक काळानं करतं.

तक्रारी दोनच. ५०० जीबी मला अपुरी पडते आणि जुनी कामं बाहेरच्या ड्राइव्हवर हलवत राहावी लागतात. छायाचित्रांचं काम करणाऱ्यांनी १ टीबीच घ्यावी. दुसरी तक्रार एसएसडीच्या जातीचीच आहे. फिरती डिस्क जायच्या आधी निदान टक्-टक् करते. एसएसडी बहुतेकदा काहीच न सांगता जाते, आणि ट्रिममुळे पुसलेली फाइल परत मिळवणंही जवळपास अशक्य असतं. म्हणून रोज संध्याकाळी काम बंद करायच्या आधी त्या दिवसाचा फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर जातो, आणि चालू असलेली स्मरणिका क्लाउडवरही ठेवते.

सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना लॅपटॉप असणाऱ्यांसाठी एवढंच. एसएसडीचा फायदा तुम्हालाही इतकाच होईल, लायसन्सही तसंच परत येईल, पण एखाददुसरा अपवाद सोडला तर विंडोज ११ ला तुमचा प्रोसेसर चालणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची जादा सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत आणि त्यासाठी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. काम फक्त ब्राउझर आणि युनिकोड टायपिंगचं असेल तर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीचा विचार करा. माझ्याकडचा आणखी जुना लॅपटॉप भाच्यानं तसाच केलाय आणि शिकायला येणाऱ्या मुली त्यावरच मराठी टायपिंगचा सराव करतात.