बीसीएम बदलून ११ महिने झाले, दुसरा पावसाळा चालू आहे, आता लिहितो

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये गाडीचा बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, काचा-लॉक-वायपर सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला तेव्हाच लिहिणार होतो, पण म्हटलं आधी एक पावसाळा जाऊ दे. आम्ही चिपळूणचे, आमच्याकडे पावसात जे टिकतं तेच खरं. यंदाचा जून-जुलै गेला, ऑगस्ट चालू आहे, आता बोलायला हरकत नाही.

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण चूक कंपनीची नव्हती, ते पुढे येईलच. (चिपळूणची गाडी म्हटलं की सगळे विचारतात २०२१ च्या पुरात गेलेली का. नाही, तेव्हा ती सांगलीकडे होती, पेपर बघून घेतलीय.)

सुरुवात अगदी फालतू गोष्टीने झाली. दार लावल्यावर आतला दिवा हळूहळू विझायचा तो विझेचना, कधी लॉक केल्यावर आपोआप टक करून अनलॉक व्हायची. मी दुर्लक्ष केलं. मग आठवड्यात दोनदा बॅटरी डाऊन, धक्का मारून चालू केली, दुकानवाला म्हणाला बॅटरी गेली, नवीन टाकली. चौथ्या दिवशी नवीन बॅटरीपण डाऊन. आणि मग जुलैमधल्या एका रात्री अडीचला शेजारच्या काकांचा फोन, "अरे तुझी गाडी एकटीच वायपर मारतेय, डावा इंडिकेटरपण चालू आहे, आत कोणी बसलंय का बघ." छत्री घेऊन गेलो, किल्ली माझ्या हातात, गाडी लॉक, आणि वायपर आपले खर्रर्र खर्रर्र चालू. मायनस टर्मिनल काढलं तेव्हा थांबले. काकू दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची घेऊन आल्या, ती पण बांधली, खोटं कशाला बोलू.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, इंजिनला जसा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) तसा बाकी अंगाला बीसीएम. काचा, सेंट्रल लॉक, वायपर, इंडिकेटर, आतले दिवे, हॉर्न हे सगळं याच्यातून जातं. तुम्ही वायपरची दांडी फिरवता तेव्हा मोटरला थेट करंट जात नाही, बीसीएमला निरोप जातो आणि तो रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढतो. माझ्या गाडीत इमोबिलायझरपण यातच आहे, म्हणजे किल्ली ओळखायचं कामही याचं. त्यामुळे हा बिघडला की एकमेकांशी काही संबंध नसलेल्या चार गोष्टी एकदम वेड्यासारख्या वागतात.

सर्व्हिस सेंटरला नेली. पंधरा मिनिटात निकाल, बीसीएम गेला आणि मेन वायरिंगपण बदलावं लागेल, एस्टिमेट ऐकून मी गाडी परत घेऊन आलो. राग आकड्याचा नाही आला, राग याचा आला की एकानेही मल्टिमीटर हातात घेतला नव्हता.

माझ्याकडे मीटर आहे, घरचे बोर्ड मीच दुरुस्त करतो, म्हटलं निदान मोजून तर बघू. ड्रेन, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट, मोजताना मी पहिल्यांदा गाढवपणा केला तो तुम्ही करू नका. मीटर १० अँपिअरच्या रेंजला लावून बॅटरीच्या मायनसमध्ये सिरीजला जोडला आणि लगेच आकडा वाचला, चांगला २ अँपिअरच्या वर, घाबरलो. पण गाडी लॉक केल्यावर सगळे मॉड्यूल झोपायला वेळ लागतो, काहींना अर्धा तास. त्यामुळे उघड्या दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचं म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय, बॉनेटला स्विच असेल तर तोपण, लॉक करून किल्ली घरात ठेवून यायची आणि चहा पिऊन मग आकडा बघायचा. २० ते ५० मिलिअँपिअर असेल तर निवांत झोपा. माझा आला ४३०. म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर, ३५ ची बॅटरी तीन-चार दिवसात गार. दुकानवाल्याने जुनी बॅटरी फुकटच काढायला लावली होती.

मग कुठल्या फ्यूजमधून जातंय ते बघितलं. फ्यूज उपटायचे नाहीत, परत बसवला की मॉड्यूल पुन्हा जागे होतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, तिथे मीटर मिलिव्होल्टला लावायचा, ज्याच्यावर आकडा दिसेल तिथून करंट जातोय. बीसीएमचाच फ्यूज निघाला. तरीही अर्थिंग बघितलं, मायनस ते बॉडी ०.१ व्होल्टच्या आत, ठीक. बॅटरी काढून ओबीडीच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ओहम मोजले, ६० आले, म्हणजे कॅनची लाईन (जिच्यावरून मॉड्यूल एकमेकांशी बोलतात) शाबूत. पाच-सहाशेला मिळतो तो ब्लूटूथ स्कॅनर लावला तर तो म्हणे फॉल्ट नाही. बरोबरच आहे, तो इंजिनचे कोड वाचतो, बॉडीमध्ये तो डोकावतच नाही.

इथे माझी हद्द संपली. कराडला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत असं कळलं, कुंभार्ली घाट चढून गेलो. मिस्त्रींनी मोठा स्कॅनर लावला आणि कोड बाजूला ठेवून आधी लाईव्ह डेटा उघडला. चारही दारं बंद आणि स्क्रीनवर पुढचं डावं दार उघडं-बंद-उघडं-बंद. दाराच्या स्विचचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढला तरी तेच. म्हणजे स्विच निर्दोष, मधली वायर तपासली, ती चांगली, उरला बीसीएम. मग त्यांनी डाव्या बाजूला डॅशच्या खाली हात घातला, कपलर ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. पिनांवर हिरवट-पांढरा थर, तोंडलीच्या भाजीला लागलेल्या बुरशीसारखा. मला म्हणाले, "साहेब, ह्याला पाण्यानं खाल्लाय. आता पाणी कुठनं आलं ते बघायचं, नायतर नवा घालून काय उपयोग."

या एका वाक्यासाठी मी त्यांना देतो ते पैसे कमीच आहेत. पायातलं मॅट उचललं तर खालचा फोम पिळला असता तर अर्धा तांब्या पाणी निघालं असतं. माझ्या बायकोला दोन महिने गाडीत ओल्या कुत्र्याचा वास येत होता, मी म्हणत होतो एसीचा असेल. पाईप लावून काचेवर पाणी सोडलं आणि खाली टॉर्च घेऊन बसलो, तेव्हा दिसलं. आधीच्या मालकाने फॉग लॅम्प बसवलेले, बसवणाऱ्याने मेन वायरिंगच्या रबरी ग्रोमेटला (वायरी आत येतात त्या भोकाच्या रबराला) भोसकून वायर आत घेतली होती, काचेखालच्या पन्हळीत आंब्याची पानं अडकून पाणी साचायचं आणि त्या वायरीवरून थेंब थेंब उतरत थेट बीसीएमच्या कपलरवर. म्हणजे फॉग लॅम्पच्या एका वायरीने सगळं रामायण.

आयसोप्रोपाईल अल्कोहोल आणि ब्रशने साफ करून दिलं, बारा दिवस छान चालली, मग परत वायपर. मॉड्यूल उघडला तर बोर्डावरचे ट्रॅक काळे पडून उचलले गेलेले. रिपेअर करतो पण गॅरंटी देत नाही म्हणाले.

मग मी दुसरा गाढवपणा केला. मेव्हण्याने कुर्ल्याच्या भंगारातून जुना बीसीएम आणला, साडेतीन हजार. पार्ट नंबर सारखा, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. त्या एका अक्षराने मागचा वायपर आणि लॉक गायब, आणि आत दुसऱ्या गाडीच्या किल्ल्या भरलेल्या त्यामुळे इमोबिलायझरचा दिवा लुकलुक, सेल्फ मारतो पण गाडी चालू नाही. जुन्याची मेमरी काढून त्यात भरता येते, काहीजण करतात, पण माझ्या जुन्या बोर्डाची अवस्था बघून मिस्त्री नको म्हणाले. शेवटी नवीन मागवला, १३,८०० चा, आणि कोडिंगचे (नव्या मॉड्यूलमध्ये गाडीची माहिती आणि किल्ल्या भरायचे) २,५०० वेगळे.

कोडिंगच्या दिवशी बॅटरीला चार्जर लावून ठेवला होता कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा मॉड्यूल अर्धवट लिहिलेला राहतो. सगळी तयारी झाली आणि मिस्त्री म्हणाले, दुसरी किल्ली द्या. दुसरी किल्ली चिपळुणात, कपाटात! नव्याने किल्ल्या शिकवताना जी समोर नसेल ती बाद होते. बायकोने डेपोत जाऊन कराडच्या एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं, मी स्टँडवर उभा राहून घेतलं, साडेचार वाजले. बसवायचं काम खरं तर वीस मिनिटांचं, मायनस काढून थोडं थांबायचं (एअरबॅग असते बाबांनो), दोन नट, तीन कपलर. आधी ग्रोमेट नवीन, फॉगची वायर कायमची बाहेर, आणि वायरिंगला कपलरच्या खालपर्यंत झोळ दिला, म्हणजे उद्या पाणी आलंच तर झोळातून खाली गळेल, कपलरवर चढणार नाही.

आता ११ महिन्यांचा हिशोब. ड्रेन २८ मिलिअँपिअर, दोनदा मोजला. मे महिन्यात आठ दिवस मुंबईला होतो, गाडी उन्हात उभी, आल्यावर पहिल्या सेल्फला चालू. रात्री वायपर एकदाही नाही. तक्रारी म्हणाल तर, नव्या मॉड्यूलला वेग घेतल्यावर आपोआप लॉक व्हायची सवय आहे, आधी नव्हती, कोडिंगमध्ये बंद करता येतं पण त्यासाठी परत घाट कोण चढणार. बॅटरी काढली की ड्रायव्हरच्या काचेचं ऑटो (एकदा दाबलं की पूर्ण वर-खाली) विसरतं, काच पूर्ण वर करून बटण धरून ठेवावं लागतं. जुलैमध्ये एकदा परशुराम घाटात भर पावसात वायपर मध्येच थांबले आणि माझे हातपाय गळाले, पण तो वायपर मोटरचा स्वतःचा कपलर ढिला होता, बीसीएम निर्दोष.

काचेखालची पानं आता दर रविवारी काढतो आणि मॅटखाली हात घालून बघतो, कोरडं असतं. लिंबू-मिरची अजून आहे, काकू बदलून जातात. जुना बीसीएम पोराने शाळेच्या प्रोजेक्टला घेतला, बॅटरी लावली की त्यातले दोन रिले अजून टकटक करतात.